दसऱ्याचं सोनं: झाडावरचं की पाकिटातलं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

धान पोटरीत आलाय, हलका धान तर निसवूनही गेला, म्हणजे दसरा जवळ आला. मागच्या पंधरवड्यात मी सालेकसा तालुक्यातल्या तीन गावांत गटाच्या बैठकीला गेले होते आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न निघाला. एका गावात तर त्यावरून चांगलीच वादावादी झाली, हप्त्याचा हिशेब बाजूला राहिला. प्रश्न असा, की यंदा दसऱ्याला सोनं म्हणून झाडावरची आपट्याची पानं वाटायची, की बाजारात पाकिटात मिळतं ते सोनेरी चमकीचं पान घ्यायचं?

एक तरुण ताई म्हणाली, "माझा मुलगा शाळेतून आला आणि म्हणतो, आई, आपट्याचं पान तोडायचं नाही, झाडं मरतात. मोबाईलवरही तसंच येतं. मग पाकीट घेतलेलं काय वाईट?" तिच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या बाई लगेच म्हणाल्या, "आमी जलमभर पानं तोडली, झाड काई मेलं नाई. मरते काहून मग आता?"

मला दोघींचंही पटलं. म्हणून म्हटलं, आज या विषयावर जरा सावकाश बोलू.

आधी माझंच सांगते, म्हणजे मी कोणाला शहाणपण शिकवते आहे असं वाटायला नको. मी स्वतः दोन वर्षं पाकिटं आणली होती. आमच्या गटानं बाजारातून ठोक भावात घेतली आणि गावात विकली. पान दिसायला सुंदर, वाळत नाही, मुलांना आवडतं, आणि झाडाला हात लावावा लागत नाही. पहिल्या वर्षी सगळी खपली, गटाला चार पैसेही सुटले. दुसऱ्या वर्षी निम्मी उरली. पण खरी गोष्ट पुढच्या पावसाळ्यात कळली. रोवणी चालू होती. गावाच्या खालच्या अंगाला आमची बांधी आहे, वस्तीतलं पाणी वाहत तिकडेच येतं. चिखलात हात घातला की परह्याच्या मुळाशी सोनेरी तुकडे. धुऊन पाहिलं तर चमक जशीच्या तशी. दसरा होऊन दहा महिने झाले होते. मी त्या दिवशी मूठभर तुकडे पदरात बांधून घरी आणले आणि सासूबाईंना दाखवले. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझं सोनं परत आलं."

आता झाडाकडे येऊ, कारण आपट्याला आपण वर्षातून एक दिवस ओळखतो आणि नीट ओळखतच नाही.

आपटा हे मोठं झाड नाही. बुटकं, वाकडंतिकडं, साल काळपट आणि भेगाळ, फांद्या खाली झुकलेल्या. आपल्याकडे झुडपी जंगलात, टेकडीच्या उतारावर, धुऱ्यावर, मुरमाड जमिनीत तो आपोआप येतो. पान लहान, जाड, हाताला खरखरीत, लांबीपेक्षा रुंदी जास्त, आणि मधोमध खाच, जणू दोन पानं शिवून एक केलं आहे. खालची बाजू फिक्कट, थोडी लवदार. उन्हाळ्यात बारीक पांढरट-पिवळसर फुलं येतात आणि मग चपट्या शेंगा. संस्कृतात याला अश्मंतक म्हणतात. याच्या सालीचा वाख काढून दोर वळत असत, काही भागांत पानाच्या विड्याही वळतात, अर्थात आपल्या गोंदियाकडे विडीसाठी तेंदूपुढे कोणी आपट्याला विचारत नाही. शेळ्यांना मात्र त्याचा पाला फार आवडतो.

याचा एक भाऊ आहे, कांचन. बाजारात अर्ध्या वेळा आपटा म्हणून कांचनच विकला जातो. कांचनाचं पान मोठं, तळहाताएवढंही होतं, पातळ आणि गुळगुळीत, आणि खाच खोल असते. त्याची फुलं मोठी, गुलाबी-जांभळी किंवा पांढरी, रस्त्याच्या कडेला आणि शाळांच्या आवारात लावलेली दिसतात. कोणी विचारतं, कांचनाचं पान दिलं तर दोष लागतो का? माझं मत विचाराल तर अजिबात नाही. कांचन या शब्दाचा अर्थच मुळी सोनं असा आहे! पण आपटा सांगून कांचन विकणं ही फसवणूक, ती वेगळी गोष्ट.

दसऱ्याला हेच पान का, तर कौत्साची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. वरतंतू ऋषींकडे चौदा विद्या शिकून कौत्सानं गुरुदक्षिणा विचारली. गुरूंनी नको नको म्हटलं, कौत्सानं हट्ट धरला, शेवटी गुरूंनी रागानं चौदा कोटी मोहरा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला, तर राजानं यज्ञात सगळं दान करून टाकलेलं. मग कुबेराकडून मोहरांचा पाऊस पडला, लोक सांगतात तो आपट्याच्या झाडावर पडला. या गोष्टीत मला आवडतं ते पुढचंच. राजा म्हणाला, सगळ्या मोहरा घेऊन जा. कौत्सानं मोजून चौदा कोटीच घेतल्या. उरलेल्या लोकांनी लुटल्या, म्हणून आपण सोनं लुटतो. लुटणारे आपणच आणि मोजून घेणारा तो, हे आपण विसरतो.

आपल्या तालुक्यात दसरा सगळे सारखाच मानतात असं नाही, आणि ते बरोबरही आहे. पण झाड राखायची रीत इथं नवीन नाही. कचारगडच्या जत्रेला माघ पौर्णिमेला कुठून कुठून गोंड समाज येतो. त्यांच्यात प्रत्येक कुळानं राखायची झाडं, प्राणी, पक्षी ठरलेले असतात. ज्या कुळाचं जे झाड, त्या कुळानं ते तोडायचं नाही. त्यासाठी कोणाला मोबाईलवरचा निरोप लागला नाही.

मग म्हाताऱ्या बाईंचा प्रश्न: आम्ही जन्मभर पानं तोडली, झाड मेलं नाही, आता का मरेल?

याचं उत्तर झाडाच्या वर्षात आहे. आपटा पानझडी आहे. थंडी सरता सरता त्याची पानं गळतात आणि पावसाळ्याच्या आधी नवी येतात. म्हणजे दसऱ्याला जे पान आपण तोडतो, त्यानं आपलं बरंचसं काम केलेलं असतं आणि चार-सहा महिन्यांत ते तसंही गळणार असतं. अशी काही पानं हातानं खुडली तर झाडाला फारसं कळतही नाही. माझी आजी मला घेऊन टेकडीवर जायची तेव्हा ओच्यात मावतील तेवढीच पानं खुडायची. मी एकदा फांदीच मोडली तर पाठीत धपाटा घातला. "पान माग झाडाले, हात नोको मागू." दिवस बुडाल्यावर झाडाला हात लावू द्यायची नाही.

फांदीची गोष्ट निराळी. फांदीवर पुढच्या वर्षीच्या पानांचे, फुलांचे डोळे असतात. दसऱ्याच्या सुमारास त्याच फांदीवर शेंगा भरत असतात, म्हणजे पुढच्या झाडांचं बी. फांदी गेली की ते सगळं गेलं. आपटा चिवट आहे, तोडला तर बुंध्यातून धुमारे फोडतो. पण दरवर्षी तोच धुमारा तोडला तर तो झाड होतच नाही, झुडूप राहतो, त्याला शेंग धरत नाही. झाड मेलेलं दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

आणि पूर्वी पानं तोडणारे गावातलेच होते. आता पिकअप येते. मी नाव घेणार नाही, कोणा एकाचा दोष नाही तो. शहरात सोनं पाहिजे असतं, तिथं आपटा उगवत नाही. मुंबईला दादरच्या फूलबाजारात दसऱ्याच्या आधी पहाटे जाल तर ठाणे-पालघरकडच्या आदिवासी बाया आपट्याच्या जुड्या, धानाच्या लोंब्या आणि झेंडू घेऊन बसलेल्या दिसतात. मुलाबाळांसह रात्र रस्त्यावर काढून चार पैसे मिळवतात. त्यांच्या पोटावर पाय द्यावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. आपल्याकडेही तेच, फक्त बाजार गोंदियाचा, नागपूरचा किंवा पलीकडे छत्तीसगडचा. व्यापारी जुडी मागतो, जुडी म्हणजे फांद्या. पान खुडायला वेळ लागतो, फांदी कोयत्याच्या एका घावात येते, आणि पैसे जुडीवर मिळतात. आमच्या गावामागच्या टेकडीवर तीन दसऱ्यांत हेच झालं. चौथ्या वर्षी पिकअप आली आणि आमच्याकडे न थांबता पुढच्या गावी गेली.

तेव्हा शाळेतली बाईही खोटं सांगत नाही आणि म्हातारी बाईही नाही. एक फांदीबद्दल बोलते, एक पानाबद्दल.

आता थोडं लांब जाऊ. खऱ्या-खोट्याचा हाच वाद सातासमुद्रापलीकडे दर नाताळला होतो, आणि त्यांनी त्याचा हिशेबही करून ठेवला आहे, तो आपल्याला उपयोगी पडेल.

नाताळला ख्रिस्ती घरांत सजवलेलं झाड ठेवतात, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. थंड देशांत त्यासाठी सूचीपर्णी झाड लागतं, म्हणजे सुईसारख्या पानांचं, खाली रुंद आणि वर निमुळतं. तिकडेही प्रश्न तोच: खरं झाड तोडून आणायचं की प्लास्टिकचं घ्यायचं? नकली झाडाची कल्पना काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत पाळीव हंसांची पिसं हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून झाडं बनवत असत. आता ती बहुतेक प्लास्टिक आणि लोखंडाची असतात आणि चीनमधून येतात.

ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेनं दोन मीटर उंचीच्या, म्हणजे माणसापेक्षा थोड्या उंच झाडाचा हिशेब मांडला. एखादी वस्तू बनवताना, वाहून नेताना आणि फेकताना हवा तापवणारा वायू किती निघतो, ते किलोत मोजतात. प्लास्टिकच्या झाडाचा आकडा आला सुमारे ४० किलो. खरं झाड वापरून झाल्यावर त्याचा भुसा करून जमिनीत घातला किंवा सरपणात जाळलं, तर सुमारे साडेतीन किलो. आणि तेच खरं झाड कचऱ्याच्या डोंगरात दाबलं तर ते हवेविना कुजतं, वायू सोडतं आणि आकडा १६ किलोवर जातो. याचा अर्थ असा, की प्लास्टिकचं झाड फायद्यात यायचं असेल तर तेच झाड अकरा-बारा नाताळ वापरायला हवं. दोन वर्षांनी फेकलं तर तोटाच.

आणखी एक गोष्ट. तिकडची ती खरी झाडं बहुतेक रानातून तोडलेली नसतात. शेतकरी त्यांची शेती करतात. सात-आठ-दहा वर्षं वाढवतात, तोडतात, त्या जागी पुन्हा लावतात. आपण धान करतो तसं त्यांचं ते पीक आहे.

या हिशेबावर आपला आपटा ठेवून बघा. दोन फरक ठळक दिसतात.

पहिला फरक, आपट्याची शेती कोणी करत नाही. तो रानचा आहे. फांद्या नेणाऱ्यानं त्या जागी काहीच लावलेलं नसतं. त्यामुळे "तिकडे झाडं तोडतात, चालतं, मग इथं का नको" असं म्हणता येत नाही.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो लक्षात यायला मला दोन वर्षं आणि एक रोवणी लागली. प्लास्टिकचं झाड घरात राहतं. नाताळ झाला की घडी करून पेटीत, पुढच्या वर्षी पुन्हा बाहेर. नकली वस्तूचा जो काही फायदा आहे तो एवढाच, की ती पुन्हा पुन्हा वापरता येते. पण दसऱ्याचं पान आपण ठेवण्यासाठी घेतच नाही, ते देण्यासाठी घेतो. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत ते आपल्या हातातून गेलं की गेलं. समोरच्यानं ते दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याच्या खिशातून ओसरीवर पडलं, सकाळी झाडूखाली आलं. एका रात्रीचं आयुष्य. म्हणजे नकली पानाचा तोटा सगळा आपल्याकडे आणि फायदा होऊच शकत नाही.

पाकिटातलं ते पान असतं काय? बहुतेक पातळ प्लास्टिकचा पापुद्रा, त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी बारीक थर आणि वर सोनेरी रंग. वेफर्सचं पाकीट आतून चमकतं, तसाच प्रकार. धातू आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेलं, म्हणून भंगारवालाही घेत नाही. कुजत नाही, फक्त तुकडे होतात, आणि तुकड्यांचे तुकडे होतात. शेणखताच्या खड्ड्यात गेलं तर खतासोबत बांधीत जातं. जाळलं तर घाण धूर, आणि तो धूर चुलीपुढे बसणारीच्या छातीत.

"पण यावर बंदी आहे ना?" असं एकीनं विचारलं. महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली, त्यात सजावटीसाठी प्लास्टिक-थर्माकोल वापरण्यावरही बंदी आली. केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून लागू आहे. तिच्या यादीत प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, सजावटीचं थर्माकोल अशा वस्तू आहेत, सोनेरी पान त्यात नावानं नाही. आणि खरं सांगायचं तर, बंदी असलेल्या किती वस्तू आपल्या आठवडी बाजारात उघड्यावर मिळतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेव्हा सरकार येऊन पाकीट हातातून काढून घेईल याची वाट बघू नका.

कोणी म्हणेल, कागदाचं पान करू. चालेल की. मुलांना वही-पुठ्ठ्यातून कापायला द्या, हळदीनं रंगवा, त्यावर नाव लिहा. कुजून जाईल. फक्त त्यावर चमकी चिकटवू नका, नाहीतर फिरून तिथंच. एखादीकडे पूजेचं पितळेचं किंवा चांदीचं पान असेल, सासूकडून आलेलं, तर तेही उत्तम. दरवर्षी देवापुढे ठेवा, ते नाताळच्या पेटीतल्या झाडासारखंच काम करतं. ते वाटायचं नसतं, एवढंच.

मी मात्र खऱ्या पानाच्या बाजूची झाले आहे. थोड्या पानांच्या, आणि खुडलेल्या.

थोडी म्हणजे किती? आमच्या टोल्यावर ऐंशी घरं आहेत. घरटी पन्नास पानं धरा, भरपूर झाली. चार हजार पानं. हातभर फांदीवर पंचवीस-तीस पानं सहज असतात, मग अख्ख्या झाडावर किती असतील बघा. आठ झाडांवरून थोडी थोडी खुडली तर झाडामागे पाचशे येतात आणि एकही फांदी तोडावी लागत नाही. हेच जुड्यांनी करायचं म्हटलं तर घरटी एक जुडी, म्हणजे ऐंशी जुड्या, प्रत्येकीत चार-पाच फांद्या. साडेतीनशे फांद्या आणि त्यातली निम्मी पानं कोणी तोडतसुद्धा नाही, जुडी तशीच दारात वाळते.

खुडायची कशी, तर पानाचं देठ नखानं किंवा लहान कात्रीनं कापा. ओढू नका, ओढलं की साल निघते. फांदीचा शेंडा सोडा, शेंड्याजवळची कोवळी पानं सोडा. ज्या फांदीवर शेंगा आहेत तिला हात लावू नका. एका झाडाचं एक अंग घेतलं तर पुढच्या वर्षी दुसरं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर खुडलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ताजी राहतात. नाहीतर कडेनं वळतात.

विकायची असतील तरी अशीच विका. आमच्या गटानं पाकिटं सोडली तेव्हा हे करून पाहिलं. पळसाच्या पानाची पुडी, तिच्यात मोजून पन्नास आपट्याची पानं, वरून धानाची एक लोंबी आणि झेंडूचं एक फूल, पळसाच्याच वाखानं बांधलेली. पहिल्या वर्षी बाजारात लोक विचारायचे, फांदी कुठाय? एक गृहस्थ तर म्हणाले, हे खरं कशावरून? आम्ही चौघींनी दिवसभर बसून जेमतेम अर्ध्या पुड्या विकल्या. दुसऱ्या वर्षी बऱ्या गेल्या, कारण फांदीतून पानं तोडत बसायचा त्रास नाही, हे गिऱ्हाईकाच्या बाईला कळलं. फार मोठी कमाई नाही, खोटं कशाला सांगू. मजुरी धरली तर पाकिटांपेक्षा थोडी कमीच सुटते. पण भांडवल शून्य, आणि उरलेला माल शेळीनं खाल्ला. पाकिटांच्या वेळी उरलेला माल अजून एकीच्या माळ्यावर पडून आहे.

कायद्याचं थोडक्यात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्या, जंगलावर जगणाऱ्या लोकांना गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क दिला आहे. पान हे लाकूड नाही, ते वनोपजात येतं. पण झाड किंवा फांद्या तोडणं त्यात येत नाही, राखीव जंगलात तो गुन्हा होतो. पिकअपवाला निघून जातो, कोयता आपल्या हातात सापडतो. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथं ग्रामसभेची समिती स्वतः नियम करू शकते, उदाहरणार्थ फांदी गावाबाहेर जाणार नाही, पान जाईल. असा ठराव ग्रामसंघानं पुढे केला तर ग्रामसभेत कोणी नाही म्हणेल असं वाटत नाही.

आता राहिलं लावण्याचं. शहरातल्या रोपवाटिकांत नाताळसाठी कुंडीतलं जिवंत झाड मिळतं, त्यालाच सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात. सण झाला की बाहेर अंगणात, पुढच्या वर्षी पुन्हा आत. तोडायचं नाही आणि प्लास्टिकही नाही. मला ही तिसरी वाट सगळ्यात शहाणी वाटली. आपल्याकडे तर अंगण आहे, धुरा आहे.

शेंगा काळपट होऊन वाळल्या की काढा. बी कठीण कवचाचं असतं, तसंच पेरलं तर उगवायला फार वेळ लावतं. पाण्याला उकळी आणून भांडं चुलीवरून उतरवा, दोन-चार मिनिटं थांबा, मग त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी निवडून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती-शेणखत भरून पेरा, पिशवीला खाली भोकं पाडा. उन्हाळ्यात सावलीत ठेवून पाणी घाला, पावसाळा लागला की धुऱ्यावर लावा. पहिली तीन वर्षं शेळ्यांपासून वाचवावं लागतं, बोरीच्या काट्यांचं कुंपण पुरतं. आपटा हळू वाढतो, घाई करणाऱ्यांचं ते झाड नाही. पण पसारा लहान असल्यानं धानावर फार सावली पडत नाही, आणि मुरमाड धुऱ्यावर दुसरं काही येत नाही तिथं तो येतो. बी नको असेल तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. आपट्याचं रोप मागा आणि पान बघून घ्या, कांचन देऊ नका म्हणावं.

आमच्या धुऱ्यावर आम्ही अकरा रोपं लावली होती. चार शेळ्यांनी खाल्ली, एक धुरा फोडताना गेलं, सहा उभी आहेत. सगळ्यात उंच आहे ते माझ्या कमरेला लागतं. मागच्या आठवड्यात पिकअपवाल्या भाऊंचा फोन आला होता, यंदा माल आहे का म्हणून. मी म्हटलं, भाऊ, माल आहे, पण पुडीत आहे. फांदी नाही. ते म्हणाले, पुडीला शहरात गिऱ्हाईक नाही ताई. मग थोडं थांबून म्हणाले, बरं, शंभर पुड्या ठेवा, बघतो विकून.

आता शंभर पुड्या म्हणजे पाच हजार पानं. उद्या सकाळी सातला आम्ही टेकडीवर झाडं मोजायला जातोय, एवढी पानं निघतात का ते बघायला. ज्यांना यायचं आहे त्यांनी शाळेपाशी या. कोयता आणू नका.